मालजामीन बँक आणि न्यायालयाची मनाई

जामीन राहूं नये, हा उपदेश आमच्या पिढीस संध्येच्या पाठाबरोबरच मिळाला. उपदेश करणारे वडील स्वतः दोनतीन ठिकाणीं जामीन राहून पोळलेले असत, म्हणून त्या उपदेशास अनुभवाची धार असे. तथापि जेथें कोणीच कोणास जामीन राहत नाहीं तेथें उदीमव्यापार चालत नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. आणि म्हणूनच आमच्या धर्मशास्त्रकारांनीं जामिनकीचा निषेध न करितां तिची व्यवस्था लावून दिली. याज्ञवल्क्यानें प्रतिभू, म्हणजे जामीन, तीन प्रकारचा सांगितला आहे. ऋणकोस वेळेवर हजर करीन असें म्हणणारा तो पहिला. ‘मनुष्य भरंवशाचा आहे, खुशाल द्या’ असें सांगणारा तो दुसरा. आणि ‘त्यानें न दिल्यास मी देईन’ असें वचन देणारा तो तिसरा. पहिला दर्शनाचा, दुसरा प्रत्ययाचा व तिसरा दानाचा प्रतिभू. धुळ्यास राजवाड्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ असल्यामुळें जुने रुमाल सोडून पाहण्याची हौस येथील कांहीं मंडळींस आहे. त्यांस हाजीरजामीन आणि मालजामीन हे शब्द नवे नाहींत. हाजीरजामीन हा दर्शनाचा प्रतिभू व मालजामीन हा दानाचा. नांव फारशी वळणाचें झालें, वस्तु तीच राहिली.

प्रस्तुत लेखांत ज्या मालजामिनाविषयीं लिहावयाचें आहे तो मनुष्य नसून बँक आहे. बँकेनें हमी दिली, ज्यास दिली त्यानें पैसे मागितले, आणि ज्याच्यासाठीं दिली तो धांवत न्यायालयांत जाऊन ‘बँकेस पैसे देऊं देऊं नका’ असा मनाईहुकूम मागूं लागला, तर न्यायालयानें काय करावें? हा प्रश्न वकिलांच्या खोलींतला आहे असें प्रथम वाटेल. परंतु ज्या कुटुंबांतील एखादा मुलगा ठेकेदारी करितो, यंत्रें पुरवितो किंवा कारखाना काढतो, त्या कुटुंबाच्या राहत्या घरापर्यंत हा प्रश्न येऊन पोंचतो. म्हणून घरांतील कर्त्या पुरुषांनींच नव्हे, तर सही करण्यापुरत्या बोलाविल्या जाणाऱ्या स्त्रियांनींहि तो समजून घ्यावा.

व्यवहार असा असतो. समजा, एखाद्या खात्याचें पन्नास लक्ष रुपयांचें बंधाऱ्याचें काम एका तरुण ठेकेदारास मिळालें. काम अर्धवट टाकून हा निघून गेला तर, या भीतीनें खातें त्याजकडून शेंकडा पांच अनामत मागतें. यंत्रसामग्रीसाठीं आगाऊ रक्कम द्यावयाची असल्यास तिच्याबद्दल निराळें तारण मागतें. ही रोकड दोनतीन वर्षें खात्याच्या तिजोरींत अडकून पडली तर ठेकेदारानें मजुरी कशांतून चुकवावी? म्हणून रोकडीच्या ऐवजीं बँकेचें हमीपत्र चालतें. बँक खात्यास लिहून देते कीं, ठेकेदारानें कसूर केल्याचें आपण लेखी कळवितांच अमुक रकमेपर्यंत पैसे आम्ही कोणतीहि कुरकूर न करितां व ठेकेदारास न विचारतां देऊं. याबद्दल बँक ठेकेदाराकडून कमिशन घेते, कांहीं रक्कम मुदतीच्या ठेवींत अडकवून ठेविते, आणि उरलेल्या जोखमीसाठीं त्याच्याकडून व त्याच्या घरच्यांकडून उलट हमी लिहून घेते.

येथें करार तीन झाले: एक खात्याचा व ठेकेदाराचा, दुसरा बँकेचा व खात्याचा, तिसरा बँकेचा व ठेकेदाराच्या घरच्यांचा. पहिल्या करारांतील भांडण दुसऱ्यांत आणावयाचें नाहीं, हें या सर्व विषयाचें मर्म आहे. १८७२ च्या करार कायद्यानें साध्या जामिनाची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच ठरविली आहे. ऋणको देणें लागत नसेल तर जामीनहि लागत नाहीं. परंतु ‘मागतांच देऊं’ असें लिहून देणारी बँक तो आक्षेप आधींच सोडून देते. आमच्या खानदेशांतील कापसाच्या व्यापाऱ्यांस हें समजावून सांगण्याची गरज पडूं नये. दर्शनी हुंडी पुढें आली म्हणजे सराफ ‘रुई ओली निघाली काय’ हें विचारीत बसत नसे. हुंडी खरी कीं खोटी एवढें पाही आणि रुपये मोजी. रुईचें भांडण ज्यांचें त्यांनीं मागाहून निस्तरावें.

आमचा एक जुना विद्यार्थी अशाच पेंचांत सांपडला. त्याचें किंवा खात्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. काम बारा आणे झालें होतें. जागा ताब्यांत देण्यास खात्यानेंच सात महिने लावले, असें त्याचें म्हणणें. हमीपत्राची मुदत संपावयास चार दिवस उरले असतां खात्यानें बँकेकडे संबंध रक्कम मागितली. ‘मास्तर, खोळंबा त्यांनीं करावा आणि पैसे आम्हीं भरावे, हा कोणता न्याय? उद्यांच कोर्टांतून मनाई आणतों,’ असें तो तावातावानें म्हणाला. त्याच्याबरोबर त्याचे चुलते आले होते. ते फारसें बोलले नाहींत. उलट हमीवर सही त्यांची होती आणि गहाण पडलेला वाडा वडिलार्जित होता. निघतांना त्यांनीं एवढेंच विचारलें, ‘माझ्यामागें हें मुलांच्या मानेवर बसेल काय?’

मनाई मिळाली नाहीं. दुसऱ्याच सुनावणीस अर्ज फेटाळला गेला, बँकेनें रक्कम भरली, आणि तितकी रक्कम विद्यार्थ्याच्या नांवें कर्ज म्हणून मांडली. त्यास न्यायाधीश निष्ठुर वाटले. आम्हांस तसें वाटलें नाहीं, आणि त्याची कारणें सांगावयाचीं म्हणजे कांहीं जुने निकाल पाहिले पाहिजेत.

पहिला आमच्याच प्रांताशीं संबंध असलेला आहे. तत्कालीन महाराष्ट्र राज्य वीज मंडळास कोचीन मॅलिएबल्स नांवाची केरळांतील कंपनी माल पुरवीत असे. प्रत्येक वेळीं अनामत भरण्याऐवजीं तिनें कॅनरा बँकेची पन्नास हजार रुपयांपर्यंतची हमी दिली. मागणी येतांच अठ्ठेचाळीस तासांत पैसे देऊं, असें बँकेनें लिहिलें होतें. पुढें कंपनी बुडाली, तिचा कारभार सरकारी अवसायकाच्या हातीं गेला, आणि मंडळानें हमीचे पैसे मागितले. अवसायकाची बाजू वरवर पाहतां दयेची होती. बँक मंडळास पैसे देईल आणि मग कंपनीची गहाण असलेली मालमत्ता घेऊन बसेल. बाकीच्या धनकोंनीं काय करावें? सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं निकाल दिला कीं, बँकेचें वचन हें बँकेचें स्वतःचें आहे. कंपनी जगो वा बुडो, तें तिनें पाळलें पाहिजे. वास्तविक जामीन घेतात तो ऋणको बुडाला तर उपयोगीं पडावा म्हणून. तो बुडाला हेंच कारण सांगून जामीन मोकळा झाला तर छत्री पावसाळ्यांत उघडावयाची नाहीं असें म्हणण्यासारखें होईल.

दुसरा निकाल उत्तर प्रदेशांतील. तेथील सहकारी संघानें नैनिताल जिल्ह्यांत वनस्पति तुपाचा कारखाना उभारण्याचें काम सिंग कन्सल्टंट्स या कंपनीस दिलें होतें. हमीपत्रें दोन: एक साडेसोळा लक्षांचें व दुसरें तेहतीस लक्षांचें. वाद झाला, संघानें पैसे मागितले, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयानें मनाई दिली. १९८७ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें ती उठविली. न्यायमूर्ति सब्यसाची मुखर्जी व जगन्नाथ शेट्टी यांच्या या निकालाचा आधार पुढें शेंकडों प्रकरणांत घेतला गेला. त्याचा सारांश असा कीं, ठेकेदाराची बाजू सकृद्दर्शनीं खरी दिसली एवढ्यानें बँकेचा हात धरतां येत नाहीं. अशीं वचनें वारंवार थोपविलीं जाऊं लागलीं तर व्यापाराचा विश्वासच उडेल.

याच निकालांत एका इंग्रजी खटल्याची चर्चा आहे, व तो आमच्या विद्यार्थ्याच्या तक्रारीहून अधिक कठीण आहे. एडवर्ड ओवेन नांवाच्या इंग्रज कंपनीनें लिबियांत कांचेचीं झांकलेलीं बागायती घरें उभारून देण्याचें पत्करलें आणि शेंकडा दहा रकमेची, म्हणजे सुमारें पन्नास हजार पौंडांची, हमी बार्कलेज बँकेमार्फत दिली. करारानें ठरलेलें पतपत्र लिबियाच्या लोकांनींच नीट उघडलें नाहीं, म्हणून कंपनीनें काम सुरू केलें नाहीं. तरीहि लिबियाच्या लोकांनीं हमीची रक्कम मागितली! लॉर्ड डेनिंग यांनीं १९७७ सालीं मान्य केलें कीं, कंपनीचा दोष दिसत नाहीं. पण बँकेनें पैसे दिलेच पाहिजेत, असाच निर्णय त्यांनीं दिला. कंपनीनें वाटल्यास लिबियावाल्यांवर फिर्याद करावी.

हें ऐकून कोणीहि म्हणेल कीं, यांत निरपराध्यास शिक्षा झाली. पण दुसरी बाजू पाहा. बँकेचें हमीपत्र हें रोकडीच्या जागीं ठेविलेलें असतें. तेथें रोकडच ठेविली असती तर खात्यानें ती सरळ जप्त केली असती, आणि ठेकेदार ती परत मिळविण्यासाठीं भांडत बसला असता. हमीपत्रामुळें त्यास तितकीं वर्षें आपला पैसा वापरावयास मिळाला. आतां मागणीच्या दिवशीं ‘आधीं वादाचा निकाल, मग पैसे’ असें म्हणण्याची मुभा मिळाली तर काय होईल? वाद निकालांत निघावयास दहा वर्षें लागतात, हें प्रत्येक खात्यास ठाऊक आहे. तें उद्यांपासून हमीपत्र घेणें बंद करून रोख मागूं लागेल. मोठ्या कंपन्यांस रोख जड नाहीं. मरेल तो धुळ्याजळगांवचा, स्वतःचें नांव नसलेला व बँकेच्या नांवावर उभा राहिलेला लहान ठेकेदार. आमच्या विद्यार्थ्यास पहिलें काम मिळालें तें त्याच कागदाच्या जोरावर, ज्याचा जोर त्यास आतां नकोसा झाला आहे.

यावरून न्यायालयें कधींच हात घालीत नाहींत असें मात्र समजूं नये. दोन अपवाद सर्वमान्य आहेत. पहिला उघड लबाडीचा. या अपवादाचा उगम ज्या खटल्यांत सांपडतो तो न्यूयॉर्कांतील आहे, आणि गंमत अशी कीं, त्यांतील माल पाठविणारे आपल्या लखनौचे होते. १९४१ सालचा हा निकाल. तिकडील एका व्यापाऱ्यानें डुकराचे राठ केंस, जे कुंचले करण्यास लागतात, ते मागविले व पैशांसाठीं बँकेचें पतपत्र उघडलें. त्याची तक्रार अशी कीं, पन्नास पेट्यांत गाईचे केंस व टाकाऊ केरकचरा भरून धाडला, आणि कागद मात्र राठ केंसांचे करून ते कानपूरच्या बँकेमार्फत वसुलीस लाविले. न्यायाधीश शिंटाग यांनीं, ही तक्रार खरी धरून चाललें तर असला कागद म्हणजे व्यवहारच नव्हे, व बँकेस पैसे देण्यापासून थांबवितां येईल, असें ठरविलें. माल थोडा हलका निघाला ही एक गोष्ट आणि मालच पाठविला नाहीं ही दुसरी. ही रेघ आजहि तेथेंच आहे. लबाडी हा शब्द अर्जांत लिहून भागत नाहीं. ती पैसे मागणाराची असावी लागते, व्यवहाराच्या मुळाशीं असावी लागते, आणि बँकेस तिची माहिती असावी लागते.

दुसरा अपवाद भरून न येणाऱ्या अन्यायाचा. पैसे गेल्यावर ते परत मिळविण्याचा मार्गच उरत नसेल, तर न्यायालय थांबवितें. याचें नेहमीं दिलें जाणारें उदाहरण इराणांतील १९७९ च्या क्रांतीनंतरचें आहे. अमेरिकन वकिलातींतील मंडळी ओलीस धरली गेली असतां अमेरिकेंतील कंपनीनें तेहरानच्या न्यायालयांत जाऊन दाद मागावी, असें कोण म्हणेल? धुळ्याच्या ठेकेदारास मात्र खात्यावर दावा करण्यास धुळ्याचें न्यायालय अथवा लवाद उघडा असतो. म्हणून त्याची ‘माझें दिवाळें निघेल’ ही विनवणी या अपवादांत बसत नाहीं. २०२० सालीं महामारीमुळें सर्व कामें ठप्प झालीं तेव्हां राजस्थानांतील तेलविहिरींच्या एका ठेक्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानें २० एप्रिलास हमीची वसुली तात्पुरती थोपविली होती. पण २९ मे रोजीं तीच मनाई उठविली, कारण ठेकेदाराची दिरंगाई महामारीच्या आधींपासूनची आहे असें दिसून आलें.

या दोन अपवादांवर वकील मंडळी जितका भर देतात तितका, आमच्या मतें, तिसऱ्या एका गोष्टीवर द्यावयास हवा. ती गोष्ट म्हणजे हमीपत्रांतील शब्द. वालचंद हिराचंद यांनीं १९२६ सालीं काढलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचा बिहार सरकारशीं खटला झाला, त्याचा निकाल १९९९ सालीं लागला, आणि तो कंपनीच्या बाजूनें लागला. लबाडी सिद्ध झाली म्हणून नव्हे. एक तर तें हमीपत्र बिनशर्त नव्हतें. करारांतील विशिष्ट बाब पाळली न गेल्यासच पैसे मागण्याचा हक्क त्यांत होता. दुसरें, हमी चीफ इंजिनिअरच्या नांवें होती आणि मागणी केली एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरनें. संस्कृत व्याकरण शिकविणारास याचा आनंद झाल्याशिवाय राहत नाहीं. एका पदावर कोट्यवधींचें काम उभें अथवा आडवें होतें! मनाईहुकुमासाठीं धांवण्यापूर्वीं, किंबहुना हमीपत्र देण्यापूर्वीं, मागणी कोणी करावयाची, कोणत्या तारखेपर्यंत, काय लिहून, व कोणत्या शर्तीवर, हें पाहणें अधिक फळ देतें. खात्याचे नमुने ठरलेले असतात व ते बदलून मिळत नाहींत, हें आम्ही जाणतों. पण खाजगी कारखानदारांशीं होणाऱ्या व्यवहारांत ते बदलतां येतात, आणि तेथेंहि आमचे लोक न वाचतां सही ठोकतात.

खात्यांच्या वर्तनाबद्दल एक शब्द लिहिणें प्राप्त आहे. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यांत ‘मुदत वाढवा, नाहींतर पैसे द्या’ असें पत्र बँकेस धाडण्याची खोड पुष्कळांस लागली आहे. ठेकेदाराचें बिल अडकवून ठेवावयाचें, आणि त्यानें व्याज मागूं नये म्हणून हमीची तलवार डोक्यावर टांगावयाची, हा प्रकार न्यायालयास थांबवितां येत नसला तरी नीतीचा नव्हे. न्यायालयाच्या संयमाचा फायदा सरकारी खात्यानें घ्यावा आणि मग ठेकेदार कामाच्या दरांत हा धोका मिळवून सांगतात म्हणून कुरकुरावें, यांत शहाणपण नाहीं.

मनाईच्या अर्जाविषयींहि एक गैरसमज आहे. कित्येकांस वाटतें कीं, सायंकाळीं अर्ज टाकून दुसऱ्या पक्षास न कळवितां हुकूम मिळविला म्हणजे सहा महिन्यांची निश्चिंती झाली. दिवाणी कायद्याच्या एकुणचाळिसाव्या ऑर्डरीप्रमाणें समोरच्यास नोटीस देणें हा नियम आहे. नोटीस न देतां हुकूम काढल्यास न्यायाधीशास कारणें लिहावीं लागतात, आणि तीस दिवसांत अर्जाचा निकाल करण्याचा प्रयत्न करावा लागतो. तेवढ्या अवधींत वकिलाची फी मात्र निघून जाते.

आतां चुलत्यांचा प्रश्न. याज्ञवल्क्याच्या मतें पहिल्या दोन प्रकारचा प्रतिभू मरण पावल्यास त्याच्या पुत्रांनीं देणें लागत नाहीं. तिसऱ्याच्या, म्हणजे मालजामिनाच्या, पुत्रांनीं द्यावें. त्यानेंच आणखी एक नियम घातला आहे तो आमच्या एकत्र कुटुंबांनीं लक्षांत घेण्यासारखा आहे: अविभक्त भावाभावांत, पतिपत्नींत आणि पितापुत्रांत परस्परांची जामिनकी चालत नाहीं. द्रव्य सर्वांचें एकच, तेव्हां कोण कोणास जामीन राहणार? आजची बँक नेमकें याच्या उलट करिते. ती एकाच चुलीवर जेवणाऱ्या चौघांच्या सह्या एकमेकांसाठीं घेते.

पित्याचें ऋण फेडणें हें पुत्राचें धर्मकर्तव्य, म्हणून धनकोनें पुत्रावर चालून जावें, ही जुनी वाट २००५ च्या हिंदु वारसा दुरुस्ती कायद्यानें बंद केली. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या ऋणाबद्दल केवळ त्या धर्मकर्तव्याच्या आधारें मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यावर न्यायालयास कारवाई मान्य करितां येत नाहीं. तेवढ्यानें चुलत्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकूं नये. जामीन मेला तरी त्याच्या मिळकतीवरील देणें मरत नाहीं. वारसांच्या हातीं जितकें आलें असेल तितक्यापुरतें तें त्यांच्यामागें येतें, आणि गहाण हें गहाणच राहतें. करार कायद्याप्रमाणें चालू हमी जामिनाच्या मृत्यूनें पुढील व्यवहारांपुरती संपते खरी, पण तीहि करारांत निराळें ठरलें नसेल तर. चुलत्यांच्या कागदावर तें निराळें ठरलेलें होतें. हमी मृत्यूनें संपणार नाहीं व ती वारसांवर बंधनकारक राहील, अशा अर्थाचें एक इंग्रजी कलम चौथ्या पानावर बारीक अक्षरांत होतें. तें आम्हीं त्यांस मराठींत समजावून दिलें. त्याच कागदावर त्यांच्या थोरल्या मुलाची स्वतंत्र सही होती, म्हणजे तो वारस म्हणून नव्हे, तर स्वतःच जामीन म्हणून बांधला गेला आहे. धाकटा त्या वेळीं अज्ञान होता, म्हणून त्याची सही घेतलेली नाहीं. वडिलार्जित वाड्यांतील त्याचा हिस्सा या गहाणांतून सुटतो कीं काय, तें त्यांच्या वकिलांनीं आतां तपासावयास घेतलें आहे. खात्याविरुद्धचा दावा लवादापुढें आहे, आणि त्याची पुढील तारीख दिवाळीनंतरची आहे.